निफाडची थंडी आणि गव्हाचा श्वास

डिसेंबर लागला की निफाडचा आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. ‘निफाड गारठले’ असा मथळा, खाली पहाटेचे किमान तापमान, आणि बातमीच्या पोटात एक ओळ: कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील नोंदीनुसार. पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटतात, धूर केला जातो. त्याच पहाटे शेजारच्या वावरात गहू उभा असतो, पातीवर दव घेऊन, आणि त्याचा मालक मात्र निवांत असतो. गव्हाला थंडी मानवते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

थंडीची नोंद गव्हाच्या केंद्रातून यावी यात मोठा अर्थ आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून महाराष्ट्राला गव्हाचे वाण मिळाले आणि त्यांची नावेही इथल्याच मातीतली आहेत: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. पुढे नेत्रावती आणि फुले समाधान आले. यातला प्रत्येक वाण एकाच अडचणीवर काढलेला तोडगा आहे. आपला हिवाळा तोकडा आहे. पंजाबात गव्हाला जेवढे थंड दिवस मिळतात तेवढे गोदाकाठी मिळत नाहीत, आणि महाराष्ट्राचे हेक्टरी उत्पादन पंजाबच्या निम्म्याहूनही कमी राहते त्यामागचे एक ठळक कारण हेच. त्यात सोयाबीन निघायला उशीर, कांद्याच्या रोपाची घाई, कालव्याच्या आवर्तनाची वाट. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातून डिसेंबरात सरकते. उशिराच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे विद्यापीठाच्या शिफारशींत सांगितलेले असते. उशिरा पेरलेल्या गव्हाच्या ओंबीत चीक भरायची वेळ येते तेव्हा फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च उजाडलेला असतो. दाणा भरण्याऐवजी सुरकुततो.

यात दिवसाच्या उन्हाचा दोष सगळ्यांना दिसतो. रात्रीचा दिसत नाही.

पान दिवसा प्रकाशसंश्लेषणाने साखर बनवते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण त्या साखरेचे पुढे काय होते? झाडाने मिळवलेल्या कर्बापैकी तीस ते साठ टक्के कर्ब श्वसनात पुन्हा हवेत जातो. पान, मूळ, खोड, ओंबी, सगळे अहोरात्र श्वास घेत असतात, आणि रात्री तर उत्पन्न बंद, खर्च चालू. हा खर्च वाया जाणारा नव्हे. त्यातूनच नवी पेशी उभी राहते, मुळाला मातीतून नत्र ओढता येते, पानातली साखर दाण्यापर्यंत पोचते. मात्र खर्चाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. तापमान दहा अंशांनी चढले तर श्वसन साधारण दुप्पट होते. झाड काही दिवसांत थोडे जुळवून घेते, तरी ऊबदार रात्र महागच पडते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर १९७९ ते २००३ या काळात रात्रीचे तापमान १.१३ अंशांनी वाढले, आणि कोरड्या हंगामातल्या भाताचे उत्पादन किमान तापमानातल्या प्रत्येक अंशामागे दहा टक्क्यांनी घटल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला किती वाटा श्वसनाचा आणि किती इतर कारणांचा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण रात्रीकडे लक्ष गेले ते तेव्हापासून.

म्हणून निफाडच्या थंडीची खरी गोष्ट पानाच्या हिरवेपणापाशी संपत नाही. ती पेशीत शिरते, आणि तिथे एका अत्यंत जुन्या, अत्यंत गुंतागुंतीच्या यंत्रापाशी थांबते. त्या यंत्राचा हा परिचय.

पाठ्यपुस्तकात त्याला तंतुकणिका म्हणतात. बोलताना सगळे मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. साखरेचे विघटन होऊन निघालेले इलेक्ट्रॉन इथे एका साखळीतून पुढे पुढे दिले जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या हवाली होतात. या वाटेवर प्रोटॉन पातळ पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात. ते परत येताना एक प्रथिन अक्षरशः गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होते. पेशीत जे काही उभारायचे, हलवायचे, आत ओढायचे, त्याची किंमत एटीपीत मोजली जाते.

साखळीचे पहिले संकुल सर्वांत मोठे आहे. चाळीसहून अधिक प्रथिनांचे मिळून ते बनते. इलेक्ट्रॉनांची एक जोडी पूर्ण साखळीतून गेली की एकंदर दहा प्रोटॉन पलीकडे जातात, आणि त्यातले चार या पहिल्या संकुलाचे. हे चार गेले तर काय होते, ते पुढे पाहू.

तंतुकणिकेला स्वतःचा जीनोम असतो. अब्जावधी वर्षांपूर्वी ती स्वतंत्र जिवाणू होती, त्याचा हा उरलेला वारसा. माणसाच्या तंतुकणिकेतला जीनोम १६,५६९ अक्षरांचा, आटोपशीर, जवळजवळ एकही जागा मोकळी नसलेला. गव्हाच्या तंतुकणिकेतला जीनोम जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये वाचून पूर्ण केला, तो निघाला ४,५२,५२८ अक्षरांचा. म्हणजे सत्तावीस पट. प्रथिनांची जनुके मात्र तेवढ्या पटीत वाढलेली नाहीत. ती पस्तीसच्या आसपास आहेत. मग बाकीच्या पसाऱ्यात आहे काय? जनुकांच्या मधल्या लांबलचक जागा, उलटसुलट जोडले गेलेले तुकडे, आणि जनुकांच्या आतच घुसून बसलेले मजकुराचे असे भाग, ज्यांचा प्रथिनाशी संबंध नाही. या भागांना इंट्रॉन म्हणतात. जनुकाची आरएनए प्रत निघते तेव्हा त्यात इंट्रॉनही उतरतात. ते कापून काढल्याशिवाय आणि उरलेली टोके अचूक जोडल्याशिवाय त्या प्रतीवरून कामाचे प्रथिन बनत नाही. या कापजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. जोड एका अक्षराने जरी चुकली तरी पुढचा सगळा मजकूर बिघडतो.

नाशिककरांना हे काम समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१८ नंतर नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनीचा पसारा मांडला, तेव्हा चित्रित झालेली फीत हाताने कापली जात होती, नको ती चित्रे टाकून हवी ती टोके जोडली जात होती. गव्हाच्या पेशीतही तेच चालते, आणि एके ठिकाणी तर त्याहून अवघड काम असते: एकाच दृश्याचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत पडलेले आहेत, आणि ते शोधून जोडायचे आहेत.

ही अतिशयोक्ती नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या चॅपडलेन आणि लिंडा बोनेन यांनी गव्हाच्या तंतुकणिकेतले नॅड-१ हे जनुक तपासले. पहिल्या संकुलातले एक गाभ्याचे प्रथिन या जनुकावरून बनते. ते जनुक पाच तुकड्यांत फुटलेले निघाले, आणि तुकडे जीनोमभर, हजारो अक्षरांच्या अंतरावर विखुरलेले. त्यांच्या प्रती वेगवेगळ्या निघतात. मग इंट्रॉनचे दोन अर्धे भाग तंतुकणिकेच्या आत एकमेकांना गाठतात, घडी घालून एकत्र येतात, स्वतः बाहेर पडतात आणि त्यांनी वेगळे ठेवलेले तुकडे जोडले जातात. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दुसऱ्या वनस्पतींत नॅड-५ या जनुकाचा एक तुकडा शोधला, अवघा २२ अक्षरांचा. तोही असाच दोन्ही बाजूंनी दुरून आणून जोडावा लागतो. बावीस अक्षरे! ती सापडली नाहीत तर पहिले संकुल उभेच राहत नाही.

एवढ्यावर भागत नाही. १९८९ मध्ये गव्हावरच्याच कामातून आणखी एक गोष्ट बाहेर आली होती. तंतुकणिकेतल्या आरएनए प्रतीत ठरावीक जागी ‘सी’ या अक्षराचे ‘यू’ केले जाते. जनुकात एक लिहिलेले असते, वाचताना दुसरे वाचले जाते, आणि दुसरेच बरोबर असते. अक्षरे दुरुस्त, इंट्रॉन वजा, टोकांची जोड. माणसाच्या तंतुकणिकेला असला उपद्व्याप करावा लागत नाही. वनस्पतींनी तो का सांभाळून ठेवला, हा प्रश्न मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत ओढ लावणारा वाटतो.

गव्हात काय, मक्यात काय, किंवा शास्त्रज्ञांच्या लाडक्या, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये काय, असे वीसहून अधिक इंट्रॉन तंतुकणिकेत असतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये मोजून २३, त्यातले पाच दुरून जोडायचे. त्यांच्यातले बहुतेक पहिल्या संकुलाच्या जनुकांतच बसलेले आहेत. म्हणजे कापजोड मंदावली तर पहिला घाव श्वसनाच्या पहिल्याच पायरीवर.

हे इंट्रॉन ज्या जातीचे आहेत त्या जातीचे काही जिवाणूंतले आणि यीस्टमधले भाऊबंद परीक्षानळीत, कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतःला कापून बाहेर काढतात. आरएनए स्वतःच उत्प्रेरकाचे काम करू शकतो, या शोधाला १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वनस्पतींच्या तंतुकणिकेतले इंट्रॉन मात्र ही ताकद गमावून बसले आहेत. त्यांची घडी नीट बसत नाही. ती बसवून द्यायला प्रथिने लागतात, आणि त्या प्रथिनांपैकी जवळजवळ सगळी पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनून तंतुकणिकेत पाठवली जातात. त्यांतला एक मोठा गट पीपीआर प्रथिनांचा. एकट्या अरॅबिडॉप्सिसमध्ये ती सुमारे साडेचारशे आहेत. एकेक प्रथिन एकेका आरएनए प्रतीवरची ठरावीक जागा ओळखते, तिला धरते आणि कापजोड होऊ देते.

यातले एक प्रथिन काढून घेतले तर काय होते, हे तपासायला शास्त्रज्ञांनी बिघडलेल्या जनुकांची झाडे शोधली. २००७ मध्ये ओटीपी-४३ या प्रथिनाचे काम उलगडले. ते नसेल तर नॅड-१ चे पहिले दोन तुकडे जोडलेच जात नाहीत. अशा झाडांत पहिले संकुल सापडत नाही. बी रुजायला फार वेळ लागतो, रुजलेले रोप खुरटे राहते, वाढ रेंगाळते. मक्यात याच प्रकारचा बिघाड अधिक कठोरपणे दिसतो. कणीस वरून भरलेले, पण काही दाणे सोलले तर आत पोकळ: वरचे टरफल तेवढे, गर्भ अर्धवट आणि पिठाचा साठा जवळजवळ नाही. या पोकळ दाण्यांच्या मुळाशी जाता जाता कितीतरी पीपीआर प्रथिने सापडली. २०१६ मध्ये वर्णन झालेले ईएमपी-१६ नॅड-२ मधला एक इंट्रॉन कापायला मदत करते. ते नसले की मक्याचा दाणा भरत नाही. शेतकऱ्याला दिसतो तो हलका दाणा; त्याचे कारण आरएनएच्या एका न पडलेल्या जोडात असू शकते, ही गोष्ट मला थक्क करते.

मग पहिले संकुल गेलेली झाडे जगतात तरी कशी? माणसात या संकुलाचा मोठा बिघाड जिवावर बेततो. वनस्पतींनी आडवाटा ठेवल्या आहेत. पहिल्या संकुलाला वळसा घालून इलेक्ट्रॉन पुढे नेणारी साधी प्रथिने त्यांच्याकडे आहेत. या वाटेने दहाऐवजी सहाच प्रोटॉन ढकलले जातात. साखळीच्या शेवटीही एक आडवाट आहे, पर्यायी ऑक्सिडेजची, जिथे पुढची दोन्ही संकुले टाळून इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला दिले जातात. दोन्ही आडवाटा एकदम धरल्या तर एकही प्रोटॉन ढकलला जात नाही. साखर जळते, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सुरणाचे फूल उमलताना चक्क गरम होते ते याच आडवाटेने. त्या उबेने दुर्गंध दूरवर पसरतो आणि किडे येतात. सुरणाला ते सोयीचे आहे. गव्हाच्या भरत्या दाण्याला नाही. कापजोड अडलेल्या झाडांत पर्यायी ऑक्सिडेज वाढलेले आढळते. झाड जिवंत राहते, श्वासही जोरात घेते, पण त्या श्वासातून वाढीला फारसे काही उरत नाही.

इथे निफाडच्या थंडीकडे परत यायला हवे, कारण गव्हावरचे एक काम नेमके तापमानाबद्दल आहे. लिंडा बोनेन यांच्याच प्रयोगशाळेत स्टेफनी डॅल्बी यांनी गव्हाचे गर्भ काही खोलीच्या तापमानाला आणि काही ४ अंशांना रुजवले आणि कापजोड कशी चालते ते पाहिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. थंडीत न कापलेल्या प्रतींचे प्रमाण वाढले. कापजोडीची कार्यक्षमता घटली. त्याहून लक्षवेधी गोष्ट वेगळीच होती. काही इंट्रॉन खोलीच्या तापमानाला सरळ लांब स्वरूपात बाहेर पडत. थंडीत तेच मुख्यतः वर्तुळाकार सापडले. म्हणजे कापण्याची रासायनिक पद्धतच बदलली होती. तरीही जोड होत होती. थंडीने एक वाट आखडली तर गव्हाने दुसरी वापरली.

हा निष्कर्ष उचलून थेट कुंदेवाडीच्या वावराला लावता येणार नाही. आपल्याकडे गहू रुजतो नोव्हेंबरात, तेव्हा जमीन ४ अंशांना नसते. बोचरी थंडी पडते ती फुटवे येताना आणि कांडी धरताना. पण प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली. श्वसनाच्या यंत्राची जोडणी तापमानाला प्रतिसाद देते, नुसता त्याचा वेग नव्हे. रुजणाऱ्या दाण्यात ही जोडणी किती तातडीची असते, हेही याच प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवले होते: पाणी लागल्यापासून पुढच्या काही दिवसांत गव्हाच्या तंतुकणिकेतल्या वेगवेगळ्या आरएनए प्रतींचे प्रमाण सतत बदलत राहते. कोरड्या दाण्यातल्या तंतुकणिका अर्धवट असतात. त्या पूर्ण होण्याच्या धावपळीत कापजोडीचा मोठा वाटा आहे. उशिराच्या पेरणीत शेतकरी सगळ्यात आधी उगवणीची काळजी करतो. दाणा मातीत पडल्यावर जे पहिले काही दिवस तो दिसत नाही, त्या दिवसांत ही धावपळ चाललेली असते.

या यंत्राची आणखी एक बाजू नाशिकचे शेतकरी नाव न घेता ओळखून आहेत. तंतुकणिका आईकडून येते, परागातून नाही. तिच्या जीनोममध्ये तुकडे उलटसुलट जोडले जाता जाता कधी कधी नवेच, विचित्र जनुक तयार होते आणि त्याचा परिणाम परागावर होतो: झाड निकोप, पण नर वांझ. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे एच. ए. जोन्स यांना १९२५ मध्ये इटालियन रेड या कांद्याच्या जातीत असेच एक झाड सापडले. संकरित कांद्याचे बियाणे बनवण्याचा पाया त्या झाडाने घातला. गव्हातही हीच युक्ती करण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकापासून आहेत, टिमोफीवी नावाच्या नात्यातल्या गव्हाची तंतुकणिका घेऊन. तिथे परागाला पुन्हा बळ देणारी केंद्रकातली जनुके २०२१ मध्ये ओळखली गेली आणि ती पीपीआर प्रथिनांचीच निघाली. ज्या घराण्यातली काही प्रथिने इंट्रॉन कापायला मदत करतात, त्याच घराण्यातली काही घातक प्रतींचा बंदोबस्त करतात. केंद्रक आणि तंतुकणिका यांचा हा व्यवहार कोट्यवधी वर्षे चालू आहे, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना धरून बदलत आले आहेत.

म्हणूनच परक्या तंतुकणिकेत बसवलेले केंद्रक नेहमी सुखी नसते. जपानचे हितोशी किहारा यांनी १९५१ मध्ये गव्हाचे केंद्रक एका जंगली गवताच्या पेशीद्रवात आणून नर वांझ झाडे मिळवली. पुढे कोइचिरो त्सुनेवाकी यांनी गव्हाच्या नात्यातल्या कितीतरी जातींचे पेशीद्रव घेऊन अशी झाडे वाढवली. केंद्रक तेच, आई बदललेली. काहींची ओंबी उशिरा आली, काहींची वाढ मंदावली, काही जवळजवळ फरकाविना वाढली.

आपल्या ताटातल्या गव्हाची आई कोण होती, हेही ठाऊक आहे. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी खपलीच्या घराण्यातला गहू मादी झाला, एक जंगली गवत नर झाले, आणि पोळीचा गहू जन्मला. त्र्यंबक असो, तपोवन असो की गुजरातेतून आलेला आणि नाशकात घरोघरी पोचलेला लोकवन. त्यांची तंतुकणिका खपलीच्या घराण्यातून आली आहे. सांगली-साताऱ्याकडे खपली अजून पेरतात, कृष्णाकाठच्या घरांत तिची खीर होते. गव्हाच्या श्वासाचा विचार करताना तिचे बियाणे सांभाळणाऱ्यांचे मोल मला फार वाटते.

गहू पैदास करणारा संकर नोंदवतो तेव्हा आधी मादीचे नाव लिहितो, मग फुली, मग नराचे. ओंबीतले पुंकेसर चिमट्याने काढून, पिशवी चढवून, दुसऱ्या दिवशी पराग देण्याचे हे काम बारकाईचे आणि थंडीत बोटे आखडवणारे. आई कोणती घ्यायची हे बहुधा सोयीने ठरते: कोणाचा फुलोरा आधी, कोणाची ओंबी धरायला सोपी. माझे म्हणणे असे की रात्री तापत चालल्या असताना आई विचारपूर्वक निवडायला हवी. एकच संकर दोन्ही बाजूंनी करावा, त्यात खपलीच्या घराण्याबाहेरच्या आयाही घ्याव्यात. संतती वेळेवर आणि उशिरा अशी दोनदा पेरावी, आणि चीक भरण्याच्या काळात, सूर्य मावळल्यावर, त्यांच्या ओंब्या किती कर्बवायू सोडतात ते मोजावे. वायू मोजणारी हातात धरण्याजोगी यंत्रे आहेत, आरएनए वाचून कोणता इंट्रॉन कापला गेला आणि कोणता अडकला हे सांगणे आज प्रयोगशाळांच्या आवाक्यात आहे. कुंदेवाडीला तापमानाच्या नोंदी आहेत, वाण आहेत, उशिराच्या पेरणीचे वाफे दरवर्षी असतातच. रात्रीच्या मोजणीची भर तेवढी पडायला हवी.